ठाण्याहून भामरागडला पाच किलो पुस्तकं: पोस्ट आणि कुरियर, दोन्हींचा वर्षभराचा अनुभव

मी चरईत राहते. ठाण्यातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यापासून दोन मैत्रिणींबरोबर एकच काम धरलंय: मुलांची वाचून झालेली पुस्तकं गोळा करायची आणि ज्या शाळेत कपाट आहे पण कपाटात काही नाही, अशा शाळांना पाठवायची. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांतून, वसंत विहारमधून, नौपाड्यातल्या जुन्या इमारतींतून पिशव्या भरभरून येतात. सुटलेली पानं चिकटवायची, कव्हरं घालायची, इयत्तेप्रमाणे गठ्ठे लावायचे आणि महिन्यातल्या एका मंगळवारी खोकी रवाना करायची.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. तारीख, वजन, पत्ता, कशानं पाठवलं, किती पैसे पडले, कधी पोचलं. मे 2025 पासून आतापर्यंत त्या वहीत 63 खोक्यांची नोंद झाली. 25 कुरियरनं गेली, 38 पोस्टानं. पुस्तकं पाठवायची आहेत, काय वापरू, असं बरेच जण विचारतात. ज्याला त्याला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

आधी कुरियर. नौपाड्यात एक छोटं दुकान आहे. सहा बाय आठची जागा, एक वजनकाटा, एक प्रिंटर, आणि भिंतीवर चार-पाच कुरियर कंपन्यांच्या पाट्या. दुकान चालवणारा मुलगा तिशीतला. आधी स्वतः बॅग पाठीला लावून घरोघर जायचा, आता सगळ्या कंपन्यांचं बुकिंग घेतो. फोन केला की खोकं न्यायला घरी माणूस येतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहते, त्यामुळे याची किंमत मला विचारा. पाच मिनिटांत पावती व्हॉट्सॲपवर. रात्री नऊपर्यंत उघडं, रविवारी सकाळीही. "काकू, हे पुण्याला जाणार ना, मग हिच्यातून पाठवू, उद्या दुपारी पोचेल," असं तो म्हणतो आणि खरोखर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचतं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर शहर या पत्त्यांवर गेलेल्या माझ्या बावीस खोक्यांपैकी एकही हरवलं नाही. एकाचा कोपरा चेपला होता, एवढंच.

मी पोस्टाची जुनी माणूस. घरात वडिलांची मनीऑर्डर, आजीची पोस्टकार्डं, सगळं पाहिलेलं. तरी हे प्रामाणिकपणे सांगते की कुरियर आल्यामुळे माझं काम सोपं झालं. ही स्पर्धा नसती तर कोणी माझं खोकं तिसऱ्या मजल्यावरून उचलून नेलं नसतं. आणि पोस्टानं ऑनलाइन ट्रॅकिंग, मोबाईलवर ओटीपी हे जे सुरू केलं, ते अशी स्पर्धा समोर नसती तर कधी सुरू झालं असतं कोण जाणे. त्यामुळे कुरियर बंद करा किंवा पत्रं फक्त पोस्टानंच न्यावीत, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

माझी अडचण उरलेल्या तीन खोक्यांत आहे.

जून 2025 मध्ये शाळा सुरू होताना गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या सरांचा फोन आला होता. तिसरी-चौथीची मुलं माडिया बोलतात, मराठी वाचायला नुकती लागली आहेत, मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं मिळाली तर बघा, असं म्हणाले. दोन महिने बाजूला काढलेली पुस्तकं एका खोक्यात बसली, 4 किलो 800 ग्रॅम. ते खोकं एका मोठ्या कुरियर कंपनीनं घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं ते कुठल्याही कंपनीकडे होऊ शकलं असतं. पिनकोड टाकला, संगणकानं घेतला, 540 रुपये भरले.

नवव्या दिवशी ट्रॅकिंगवर अक्षरं उमटली, 'आउट ऑफ डिलिव्हरी एरिया'. धंद्यात याला ओडीए म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. सरांना फोन गेला की आलापल्लीला येऊन खोकं घेऊन जा. आलापल्ली ते भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. त्यातही शाळा भामरागड गावात नाही, आणखी आत आहे. म्हणजे सरांनी एक दिवस रजा काढायची, एसटीनं जायचं आणि पाच किलोचं खोकं खांद्यावर घेऊन परतायचं. शाळेची सुरुवात, वसतिगृहात मुलांची भरती चाललेली. त्यांना जमलं नाही. आठवडाभर खोकं तिथे पडून राहिलं आणि जुलैत माझ्या दारात परत आलं. परतीचे पैसे वेगळे. खालची बाजू भिजलेली. अकरा पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटून गेली होती. त्यातलं एक पुस्तक वसंत विहारच्या एका सात वर्षांच्या मुलीनं 'माझ्या नव्या मैत्रिणीला' असं पहिल्या पानावर लिहून दिलं होतं. ते पान वाळवलं, पण शाई पसरली ती पसरलीच.

दुसरं खोकं नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे, तिसरं मोखाड्याच्या एका पाड्यावर. दोन्हींची गोष्ट थोडक्यात तीच. मोखाडा तर आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात, ठाण्याहून सकाळी निघालं तर दुपारी पोचता येतं. तरी "मॅडम, तिकडे आमचा माणूस जात नाही."

नौपाड्याच्या दुकानातल्या मुलाला हे सांगितलं, तेव्हा तो ओशाळला. मग त्यानं जो हिशेब सांगितला तो मला पटला. ठाण्यात एका मोठ्या गृहसंकुलात त्याच्या ओळखीचा डिलिव्हरीवाला मुलगा सकाळी बॅग घेऊन शिरतो आणि संध्याकाळपर्यंत सत्तर-ऐंशी नग देऊन बाहेर पडतो. गाडी एकदाच लावायची, लिफ्टनं वर जायचं, उतरत यायचं. त्याला प्रत्येक नगामागे पैसे मिळतात. आता भामरागडच्या आतल्या गावाला आठवड्यातून एक नग असेल, तर साठ किलोमीटर गाडी घालून त्याला काय उरणार? त्यात ना त्या मुलाचा दोष, ना कंपनीचा. फायद्यावर चालणारा धंदा तिथे जाणारच नाही. मला राग एकाच गोष्टीचा आला. जायचं नव्हतं तर ठाण्यात बसून पैसे घेताना तसं सांगायला हवं होतं.

आता पोस्ट.

माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर पोस्ट आहे. बचत खात्याची, आधारची आणि पार्सलची गर्दी एकाच वेळी, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नये. मंगळवारी साडेदहाला गेले तर वीस मिनिटांत काम होतं. घरून न्यायला कोणी येत नाही. शेजारच्या मुलाला दुचाकीवर खोकी घेऊन बरोबर यावं लागतं.

पण तिथे 'ज्ञान पोस्ट' आहे, आणि ती पुस्तकं पाठवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. ज्यावर आमच्यासारखे लोक वर्षानुवर्षं अवलंबून होते, ती पुस्तकांची स्वस्त रजिस्टर सेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली. छोट्या प्रकाशकांनी तेव्हा बरीच ओरड केली. मलाही चार महिने काय करावं सुचेना. मग 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट सुरू झाली. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोला 100 रुपये, वर कर. पाच किलोच्या वर घेत नाहीत. जमिनीवरून जाते, विमानानं नाही, त्यामुळे वेळ लागतो. पण ट्रॅकिंग आहे, आणि दर ठाणे ते कल्याणला जो, तोच ठाणे ते भामरागडला.

अटी आहेत, त्या आधीच बघून जा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक अशी पुस्तकं चालतात. जाहिराती असलेली नियतकालिकं चालत नाहीत. मला हे खटकतं. मुलांसाठी आपल्याकडे जे उत्तम छापलं जातं, त्यातलं बरंच दिवाळी अंकांत असतं, आणि जाहिरातीशिवाय दिवाळी अंक निघतच नाही. माझ्याकडे असे चाळीस अंक कपाटात पडून आहेत. गावातल्या मुलाला साबणाची जाहिरात दिसली म्हणून त्या अंकातली गोष्ट वाचनीय राहत नाही का? हा नियम बदलायला हवा. रंगपेटी, पेन्सिली, मुलांनी हातानं केलेली पुस्तकं यांचं वेगळं पार्सल करावं लागतं. पहिल्या वेळी मी खडूची एक पेटी आत ठेवली होती. काउंटरवरच्या मॅडमनी ती काढायला लावली आणि मग स्वतःच्या ड्रॉवरमधली चिकटपट्टी काढून खोकं पुन्हा नीट बंद करून दिलं. "मावशी, आतल्या एकाही पुस्तकाला पाणी लागता कामा नये, पावसाळा आहे," असं म्हणत त्यांनी मला आधी प्लास्टिकची पिशवी आणि मग खोकं हा क्रम शिकवला. तेव्हापासून आमची सगळी खोकी तशीच बांधली जातात.

वाळवलेली आणि खराब झालेल्यांऐवजी नवी घातलेली अशी सगळी पुस्तकं घेऊन भामरागडचं खोकं 22 जुलैला ज्ञान पोस्टनं गेलं. 'बॅग क्लोज्ड', 'बॅग डिस्पॅच्ड', पुन्हा 'बॅग क्लोज्ड'. दिवसातून दोनदा बघायचे. मग ते एका जागी थांबलं. बातम्यांत पर्लकोटा नदीला पूर आल्याचं वाचलं. भामरागडला जाणाऱ्यांना पर्लकोटा ठाऊक असेल. ती भरली की पुलावरून पाणी जातं आणि तालुका जगापासून तुटतो. दहा-बारा दिवस काही हललं नाही. मी मनातून आशा सोडली होती.

11 ऑगस्टला सरांचा फोन. "मॅडम, खोकं आलं जी." त्यांच्या शाखा डाकघराचे पोस्टमास्तर त्यांना आधीच कळवून गेले होते, पूर ओसरला आणि बस सुरू झाली की टपाल येईल, तुमचं खोकं आहे त्यात. आलं त्या दिवशी ग्रामीण डाकसेवक दुचाकीवर खोकं दोरीनं बांधून चिखलातून शाळेपर्यंत घेऊन आला. वीस दिवस लागले. पुण्याला एका दिवसात पोचवणाऱ्या कुरियरपुढे वीस दिवस म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ते शाळेच्या दारात पोचलं. सरांना कुठेही जावं लागलं नाही, आणि मला 100 रुपये आणि कर एवढेच पडले. फोनवर मागून मुलांचा गलका ऐकू येत होता.

तो डाकसेवक सरकारचा पूर्ण वेळ नोकर नसतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ग्रामीण डाकसेवकांना चार किंवा पाच तासांच्या कामाचा भत्ता मिळतो. 2018 च्या सुधारणेनंतर सुरुवातीला 10 हजार किंवा 12 हजार, शाखा पोस्टमास्तरांना 12 हजार किंवा साडेचौदा हजार, वर महागाई भत्ता. देशात 1 लाख 64 हजारांवर पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यांतली दहापैकी नऊ खेड्यांत. त्या खेड्यांतली बहुतेक सगळी याच माणसांच्या जिवावर चालतात. मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांची आडगावची पार्सलंही पुष्कळदा शेवटी त्यांच्याच दुचाकीवर जातात.

जवळ आणि लांब एकच दर, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की ती कोणीतरी ठरवून केली हे विसरतो. पूर्वी तसं नव्हतं. कंपनी सरकारच्या काळात पत्राचा दर अंतरावर असायचा. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याच्या पत्राला एक रुपया पडत असे. तेव्हाचा एक रुपया! 1837 मध्ये इंग्लंडात टपालसुधारक रोलंड हिल यांनी हिशेब मांडून दाखवला की पत्राचा खरा खर्च वाहतुकीत नसून गोळा करण्यात, नोंदी ठेवण्यात आणि वाटण्यात असतो. म्हणून 1840 पासून सगळीकडे एक पेनी. आपल्याकडे 1854 मध्ये हलक्या पत्राला अर्धा आणा झाला, मग ते शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आजही त्याच तत्त्वावर चालतं, जरी ते पोचवायला खात्याला त्याच्या कितीतरी पट खर्च येत असला तरी.

आणि पिनकोड. ग्रंथपाल असल्यामुळे मला वर्गीकरणाचं भारी प्रेम, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. 15 ऑगस्ट 1972 ला देशाला पिनकोड मिळाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्यामुळे. कोकणातला मराठी माणूस, संस्कृतात कविता-नाटकं लिहिणारा, आणि टपाल खात्यातला अधिकारी. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन त्या डाकघराचे. माझा 400601 आणि सरांचा 442 नं सुरू होणारा, दोन्ही 4 पासून निघतात. पुस्तकाला जसा वर्गांक, तसा गावाला पिनकोड. त्या यादीत गाव आलं म्हणजे तिथवर टपाल नेण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली. कुरियर कंपन्या तेच सहा आकडे वापरतात, पण त्यातले सोयीचे निवडून.

इथे मूळ प्रश्न येतो. 1898 च्या टपाल कायद्यानं पत्रं नेण्याचा हक्क फक्त सरकारला दिला होता. प्रत्यक्षात कुरियरवाले चार दशकं 'डॉक्युमेंट' म्हणून पत्रं नेतच होते. 2023 चा नवा कायदा 18 जून 2024 पासून लागू झाला आणि त्यात तो एकाधिकार काढून टाकला. टपाल तिकिटं जारी करण्याचा हक्क तेवढा पोस्टाकडे राहिला. चांगलं झालं. कायद्यात एक आणि रस्त्यावर दुसरंच, हे संपलं. पण एकाधिकार गेला तरी भामरागडला जाण्याचं काम पोस्टाच्याच गळ्यात राहिलं. पूर्वी शहरातल्या टपालातून जे मिळायचं त्यावर खेड्याचं टपाल निघायचं. आता ठाणे-पुणे-नाशिकची मलई ज्याला हवी तो नेतो आणि पर्लकोटेपलीकडचं खोकं तेवढं पोस्टाला. खात्याचं उत्पन्न पगार आणि पेन्शनलाही पुरत नाही. दरवर्षी तूट निघते आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतं की पोस्ट म्हणजे पांढरा हत्ती. मला हे ऐकवत नाही. एकाला फक्त सपाट रस्ता द्यायचा, दुसऱ्याला डोंगर चढायला लावायचं आणि मग दोघांची धाव एकाच घड्याळावर मोजायची, याला काय म्हणायचं?

याचा परिणाम आपल्या खिशावरही दिसायला लागलाय. 2025 मध्ये रजिस्टर टपाल वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टात मिसळलं. 1 ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाचे नवे दर आले. शहरातल्या शहरात 50 ग्रॅमपर्यंत 19 रुपये, बाहेर कुठेही 47. नोंदणी हवी तर 5 रुपये जास्त आणि सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. आम्ही प्रत्येक शाळेला पुस्तकांची यादी रजिस्टरनं पाठवायचो, म्हणजे मुख्याध्यापकांच्या सहीची पोच येते आणि शाळेच्या नोंदवहीत पुस्तकं चढतात. पूर्वी त्या पाकिटाला 26 रुपयांच्या आसपास लागायचे. आता 61 रुपये 36 पैसे. पोचतं लवकर, हे खरं. पण मला लवकर नको होतं. मला पोच हवी होती. कोर्टाच्या तारखा, जमिनीचे कागद, वारसाच्या नोटिसा पाठवणाऱ्या गावातल्या माणसालाही वेगापेक्षा ती सहीच हवी असते. वेगाची शर्यत कुरियरशी लावताना हे साधं, स्वस्त टपाल हातचं सुटू नये. दुसरं कोणी ते देणार नाही.

माझी भाची डेन्मार्कमध्ये राहते. 2025 च्या जूनपासून तिच्या गावातल्या लाल टपालपेट्या एकेक करून काढून नेऊ लागले. 30 डिसेंबर 2025 ला तिथल्या पोस्टनं शेवटची पत्रं वाटली. 1624 पासून चालत आलेलं काम थांबलं. लोकांनी पत्रं लिहायचं जवळजवळ सोडलं होतं हे त्याचं मोठं कारण, पण 2024 च्या सुरुवातीपासून कायद्यातली सर्वांना टपाल देण्याची सक्तीही काढली होती. पत्रं आता एक खासगी कंपनी नेते. भाची म्हणाली, तिला काही फरक पडला नाही, सगळं मोबाईलवर येतं. तिच्या शेजारच्या ऐंशी वर्षांच्या बाईंना मात्र पत्र टाकायला आता कुठल्या दुकानात जायचं हे विचारत फिरावं लागलं.

ब्रिटनचं उदाहरण मला जास्त उपयोगी वाटतं. तिथे 1 जानेवारी 2006 पासून टपाल सगळ्यांना खुलं झालं. नव्या कंपन्यांनी काय केलं? बँकांची, वीज कंपन्यांची गठ्ठ्यांनी येणारी पत्रं गोळा केली, लावली, आणि घरोघर वाटायला रॉयल मेलच्याच हातात दिली, ठरलेले पैसे मोजून. एका कंपनीनं लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूलमध्ये स्वतःचे पोस्टमन नेमून पाहिले. 2015 मध्ये ते बंद पडलं. म्हणजे शहरात वाटप करणंसुद्धा दुसऱ्याला परवडलं नाही! मात्र शेवटचा टप्पा पोस्टानं करायचा आणि त्याचे पैसे स्पर्धकानं द्यायचे, ही व्यवस्था तिथे चालली. तरी पत्रं कमी होत गेली आणि जुलै 2025 पासून साध्या टपालाचे वाटपाचे दिवस तिथेही कमी केले. एक किंमत आणि प्रत्येक पत्ता, या दोन गोष्टी मात्र सोडल्या नाहीत. युरोपीय संघानंही बाजार खुला करताना आठवड्यातून किमान पाच दिवस वाटप ही अट कायद्यात लिहून ठेवली. आपल्या डाकसेवकाला पाच दिवस जमेल का, तो वेगळा विषय. निदान काय राखायचं ते लिहिलेलं तरी हवं.

आणि पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर आपल्याच घरात आहे. टेलिफोनच्या वेळी आपण हे केलं होतं. 2002 पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातले पाच टक्के एका निधीत जातात, आणि जिथे कंपनी स्वतःहून जाणार नाही तिथे त्या पैशातून फोन पोचवायचा. आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. नक्षलग्रस्त भागातले कितीतरी मोबाईल टॉवर या निधीतून उभे राहिले. भामरागडच्या सरांचा फोन मला चरईत लागतो, तो अशाच धोरणामुळे. मग त्यांच्या पुस्तकांसाठी तसाच निधी का नको? मोठ्या कुरियर कंपन्यांनी आणि घरपोच मालावर चालणाऱ्या ऑनलाइन दुकानांनी उत्पन्नातला लहानसा वाटा द्यावा. नौपाड्यातल्या त्या सहा बाय आठच्या दुकानाला त्यातून वगळा, तो बिचारा कमिशनवर जगतो. आणि तो पैसा फक्त पोस्टाला असंही नको. धडगावच्या पाड्यांवर पोस्टापेक्षा चांगलं वाटप करून दाखवणारी एखादी स्थानिक संस्था असेल तर तिलाही मिळावा, अट एवढीच की दर तोच आणि एकही दार वगळायचं नाही. डाकसेवकाच्या भत्त्यात त्यातून भर पडली तर मला सगळ्यात आनंद होईल.

आणखी एक मागणी, हिला पैसेही लागत नाहीत. कुठल्या पिनकोडमध्ये दारापर्यंत जाणार आणि कुठे बोलावून घेणार, हे प्रत्येक कंपनीनं पैसे घेण्याआधी पावतीवर छापावं. आणि जिथे जाणार नाही तिथलं पार्सल 'आउट ऑफ डिलिव्हरी एरिया' म्हणून परत पाठवण्याऐवजी ठरलेल्या दरानं जवळच्या डाकघरात द्यावं. माझं खोकं आलापल्लीहून ठाण्याला परत आलं. त्याऐवजी तिथल्याच पोस्टात गेलं असतं तर पानं भिजली नसती.

तोपर्यंत मी काय करते, ते सांगते. मोठं शहर असेल आणि घाई असेल तर कुरियर, डोळे मिटून. तालुक्याच्या गावाला कुरियर चालेल, पण आधी तिथल्या माणसाला फोन करून विचारा की त्यांच्याकडे डिलिव्हरी दारात येते की बसस्टँडवर बोलावतात. त्यापुढचं काहीही पोस्टानं. ज्ञान पोस्टसाठी खोकं साडेचार किलोच्या आसपास भरा, म्हणजे पुठ्ठा आणि चिकटपट्टी धरून पाचच्या आत राहतं. पत्ता मराठीत आणि खाली पिनकोड ठळक, घेणाऱ्याचा मोबाईल नंबर दोन बाजूंना. आत पत्त्याची एक चिठ्ठी ठेवाच, बाहेरचा कागद पावसात जातो. जुलै-ऑगस्टमध्ये गडचिरोली किंवा सातपुड्याकडे पाठवू नका. मे महिन्यात पाठवलं तर शाळा उघडायच्या दिवशी खोकं तिथे असतं. यंदा आम्ही भामरागडचं खोकं 5 मेला पाठवणार आहोत. मोठ्या अक्षरांची चित्रांची पुस्तकं अजून दीडेक किलो कमी आहेत, आणि जिच्या वाक्याची शाई पसरली होती ती मुलगी म्हणाली आहे की तेच वाक्य ती नव्या पुस्तकावर पुन्हा लिहून देईल, या वेळी पेन्सिलीनं.